एक चादर, एक बाई, वीस सेकंद

नकाब घातलेल्या मतदाराची ओळख कशी पटवायची, यावरून दर निवडणुकीत टीव्हीवर घसे कोरडे पडतात. केंद्रात टेबलामागे बसणाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र साधा असतो: चादर कुठे बांधायची आणि तिच्या आत कोण उभं राहणार. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, नागपाडा, मिरज अशा ठिकाणी ज्यांना निवडणुकीची ड्युटी लागते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत. आणि रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांसाठीही. टेबलाच्या अलीकडे काय चालतं, ते त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

आधी शब्द नीट लावून घेऊ. बुरखा म्हणजे अंगभर झगा. हिजाब केस आणि मान झाकतो, चेहरा उघडाच असतो. नकाब तोंडावर असतो, डोळे तेवढे दिसतात. काही नकाबांना डोळ्यांवरही पातळ जाळी असते. ड्युटीवरची माणसं तिन्हींना सरसकट बुरखाच म्हणतात आणि घोटाळ्याची सुरुवात तिथून होते. ओळख पटवायला आडवा येतो तो फक्त नकाब. हिजाबवालीला पडद्यामागे न्यायचं काही कारण नाही. नेलं तर वेळ वाया आणि अपमान फुकटचा. (डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधलेली पुण्याची स्कूटरवाली मुलगी रांगेत आली, तर तिला "स्कार्फ सोडा" म्हणतात, ती सोडते आणि पुढे जाते. तिथे वाद होत नाही.)

नियम तसे जुने आहेत. बायकांच्या मदतीसाठी केंद्रावर महिला मदतनीस नेमता येते, हे १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतच आहे. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९४ मध्ये आयोगाने पडदानशीन मतदारांसाठी सूचना काढल्या. केंद्राध्यक्षांच्या हस्तपुस्तिकेतही हे स्पष्ट आहे: अशा मतदारांची संख्या मोठी असेल तिथे महिला मतदान अधिकाऱ्याने वेगळ्या आडोशाला ओळख पटवायची आणि शाईही तिथेच लावायची, खासगीपणा आणि शालीनता सांभाळायची. आडोशाला खर्च करू नका, खाट, चादर असलं स्थानिक मिळेल ते वापरा, असंही त्यात सुचवलेलं आहे. सरकारी पुस्तकात इतकी घरगुती सूचना क्वचित सापडते. २०२५ च्या बिहार विधानसभेला आयोगाने या कामासाठी केंद्रांवर अंगणवाडी सेविका ठेवण्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांना ते नवीन वाटलं. मूळ सूचना तीस वर्षांपूर्वीची होती.

थोडक्यात, चेहरा दाखवावा लागतोच. तो सगळ्यांसमोर दाखवावा लागत नाही. या दोन वाक्यांच्या मधली जागा भरायला चादर लागते.

आडोसा आदल्या दिवशी संध्याकाळीच बांधावा. साहित्य घेऊन केंद्रावर पोचलं, यंत्रं कुठे ठेवायची ते ठरलं, की लगेच. सकाळी होणार नाही, कारण सातला मतदान असेल तर मॉक पोल (यंत्राची चाचणी) साडेपाचला सुरू होतो, किमान ५० मतं टाकून दाखवायची, ती मोजायची, पुसायची, यंत्र सीलबंद करायचं; त्या दीड तासात सुतळी शोधायला कुणी मोकळं नसतं. केंद्र बहुधा शाळेचा वर्ग असतो. खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत दोरी, तिच्यावर चादर, बाजूला दोन बाकं उभी. आत चार फूट बाय चार फूट जागा पुरते. चादर जाड आणि गडद हवी; पांढऱ्या चादरीमागे बल्ब असला की सावलीचा खेळ बाहेर दिसतो.

तीन चुका हमखास होतात. पहिली उजेडाची. कोपरा आडोशाचा म्हणून निवडला जातो आणि तिथे अंधार असतो. मग ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो दिसत नाही आणि महिला अधिकारी बाईला चादरीबाहेर उजेडात यायला सांगते, म्हणजे सगळंच मुसळ केरात. एक बल्ब वाढवून मागावा, नाही मिळाला तर टॉर्च. दुसरी चूक मागच्या खिडकीची: पुढून चादर आणि मागून उघडी खिडकी, जिच्याबाहेर गावातली पोरं. तिसरी कॅमेऱ्याची. आता केंद्रांवर वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट चित्रण असतं. कॅमेरा बसवणारा माणूस मतदान कक्ष टिपला जाणार नाही याची काळजी घेतो, कारण त्याला तसं सांगितलेलं असतं. आडोशाचं त्याला कुणी बोललेलं नसतं. आणि कॅमेरा उंचावर असतो. चादर सहा फुटांची असली तरी वरून आतलं दिसतं. कॅमेरा बसवतानाच त्याच्या मोबाइलवर चित्र बघून घ्यावं.

आमचा एक आग्रह आहे, तो पुस्तकात नाही: चादर जमिनीपासून फूटभर वर ठेवा. आत किती जण आहेत ते पायांवरून बाहेर कळतं. पक्षांच्या मतदान प्रतिनिधींच्या मनातली शंका निम्मी तिथेच मिटते.

दुसरं म्हणजे आत एक आरसा, एक खुर्ची आणि एक खुंटी. हे ऐकून पुरुष अधिकारी हसतात. पण नकाब तीन-चार तऱ्हांचे असतात. वर उचलता येणारा असेल तर दोन सेकंदांचं काम. डोक्यामागे नाडीने बांधलेला असेल तर हिजाबखाली हात घालावा लागतो. टाचण्या लावलेला असेल तर काढायला अर्धं मिनिट आणि परत लावायला त्याहून जास्त, तेही कडेवर मूल असताना. चेहरा बघायला लागतात वीस सेकंद. रांग खोळंबते ती टाचणी परत लावण्यापायी. आरसा असला की तो वेळ निम्म्यावर येतो, आणि खुर्ची आडोशातच पण बाजूला असली की एक बाई टाचण्या लावत असताना दुसरी आत येऊ शकते.

आता क्रम. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मतदान अधिकारी क्रमांक १ यादीत नाव शोधतो, अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, ओळख पटवतो. क्रमांक २ शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो, चिठ्ठी देतो. क्रमांक ३ कंट्रोल युनिटजवळ बसतो. फोटो असलेली यादी क्रमांक १ च्या टेबलावर असते आणि आडोसा खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग महिला अधिकारी यादी घेऊन तिकडे जाणार की बाई आधी इकडे येणार? यादी हलवली तर पुरुषांची रांग थांबते. म्हणून जिथे नकाबातल्या मतदार भरपूर आहेत तिथे क्रमांक १ लाच महिला अधिकारी बसवावी आणि आडोसा तिच्या खुर्चीला लागून बांधावा. ती उठते, एक पाऊल मागे जाते, बघते, बसते. हे जमत नसेल तर क्रमांक १ ने यादीतला फोटो आधी महिला मदतनीसाला दाखवावा आणि आडोशात तिने ओळखपत्राशी चेहरा ताडावा. ३०० बायका आणि प्रत्येकी वीस सेकंद धरले तरी १०० मिनिटं होतात. हे काम टेबलावर एकापाठोपाठ एक केलं तर संध्याकाळी सहाला दाराबाहेर शंभर माणसं उभी असतात. रांगेच्या समांतर चाललं तर जाणवतही नाही.

आत जायचं ते मतदाराने आणि महिला अधिकाऱ्याने. नवरा नाही, सासू नाही, पक्षाचा माणूस नाही. मतदान कक्ष, म्हणजे यंत्र ठेवलेला खोका, या कामाला कधीही वापरायचा नाही. "तिकडे आडोसा आहेच की" असं सुचवणारा एखादा शहाणा दर वेळी निघतो.

बोलायचं कसं, हेही सांगून ठेवतो. "बुरखा काढा" असं म्हणायचं नाही, कारण तो काढायचाच नसतो. "ताई, आत या, आत मी एकटीच आहे" एवढं म्हटलं की बहुतेक जणी स्वतःच नकाब वर करतात. उर्दू-दखनी बोलणाऱ्या वस्तीत "बाजी, इधर परदे के पीछे आइये" आणि वयस्कर असेल तर "खाला". मोठ्याने म्हणू नये; जिला सांगायचं तिलाच ऐकू जावं.

नाव आपण वाचून "तुम्हीच ना?" विचारायचं नाही. तिला विचारायचं: नाव सांगा, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव सांगा, वय किती. एकाच यादीत शेख शबाना तीन, अन्सारी फातिमा चार, खान जुबैदा दोन असतात. घाईत भलत्या ओळीवर खूण होते आणि दुपारी खरी अन्सारी फातिमा येते तेव्हा "तुमचं मत झालं" असं ऐकते. अशा वेळी तिला परत पाठवायचं नाही. प्रश्न विचारून तिची ओळख पटली तर प्रदत्त मत द्यायचं: कागदी मतपत्रिका, मागे "प्रदत्त" असा शेरा, नोंद नमुना १७ख मध्ये. हे मत यंत्रात जात नाही आणि नेहमीच्या मोजणीत धरलं जात नाही, म्हणून तिच्या दृष्टीने ते अर्धंच समाधान. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ते "बुरख्याआड बोगस मतदान" होऊन बसतं. मूळ कारण आपल्या पेन्सिलीचं असतं.

शाई लावायच्या आधी डाव्या हाताची तर्जनी तपासायची. दुबार मतदान पकडणारी खरी चाळणी हीच; चेहऱ्यापेक्षा बोट जास्त बोलतं. हातमोजे असतील तर आडोशातच डावा काढायला सांगावा. बोटाला तेल किंवा क्रीम असेल तर कापडाने पुसून घ्यावं. मेंदी असली तरी काळजी नको: नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या पेराच्या खालपर्यंत रेघ ओढली की नखावरचा जांभळट काळा डाग मेंदीत लपत नाही. शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीत मुरायला थोडा अवधी लागतो. म्हणून हातमोजा लगेच घालू द्यायचा नाही, सही झाली की मग. लगेच घातला तर शाई मोज्याला लागते आणि बोटावर पुसट होते.

प्रतिनिधींचा भाग नाजूक. त्यांना मतदाराचा चेहरा दिसेल असं बसवावं, अशी सर्वसाधारण सूचना आहे, आणि इथे तर चेहरा चादरीमागे. प्रतिनिधी कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर अगदीच बिनबुडाची नसते. उपाय दोन. महिला अधिकाऱ्याने बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं "ओळख पटली, अनुक्रमांक अमुक" म्हणावं. आणि पक्षांनी महिला प्रतिनिधी द्याव्यात. वस्तीतल्या बाईला वस्तीतल्या बायका आवाजावरून, चालीवरूनही ओळखू येतात. पक्ष मात्र हे काम पोरांनाच देतात आणि मग तक्रार करतात.

तरीही शंका असेल तर प्रतिनिधीने रीतसर आक्षेप घ्यावा. त्यासाठी दोन रुपये अनामत भरावी लागते, दर आक्षेपाला वेगळी. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. आधी पुरावा आक्षेप घेणाऱ्याने द्यायचा, "मला वाटतं" चालत नाही. तो देऊ शकला नाही तर आक्षेप फेटाळून बाईला मतदान करू द्यायचं. आक्षेप उगाच घेतलेला दिसला तर दोन रुपये जप्त. तोतयेगिरी सिद्ध झाली तर तिला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. दोन रुपये ही आजच्या काळात गंमतच आहे, पण पावती फाडायची म्हटली की निम्मे आक्षेप हवेत विरतात, हा अनुभव आहे.

नकाब वर करायला सांगण्याचा अधिकार प्रतिनिधीला नाही, उमेदवाराला नाही, दाराशी उभ्या असलेल्या पोलिसालाही नाही. १३ मे २०२४ ला हैदराबादमध्ये एका उमेदवाराने केंद्रात बसलेल्या बायकांची ओळखपत्रं स्वतः तपासली, नकाब वर करायला लावले; त्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला उत्तर प्रदेशातल्या पोटनिवडणुकीत मतदारांची ओळखपत्रं तपासणाऱ्या पोलिसांना आयोगाने निलंबित करायला लावलं. पोलिसाचं काम रांग आणि शांतता. महिला शिपाई असली तरी ती ओळख पटवत नाही.

कागदांचं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: मतदार ओळखपत्र नसेल किंवा त्यावरचा फोटो जुळत नसेल तर आयोगाने ठरवलेल्या १२ पर्यायांपैकी एक चालतं. आधार, पॅन, पारपत्र, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड ही त्यातली नेहमीची. घरी आलेली मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा नाही. ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक शोधायला. नावातली एखादी वेलांटी चुकली म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत.

खरं दुखणं बऱ्याचदा फोटोतच असतं. लग्नाआधी काढलेला, छापताना काळवंडलेला, त्यात ओढणी भुवयांपर्यंत आलेली. तो फोटो आणि समोरची चाळिशीची बाई यांचा मेळ दिवसाउजेडीही बसत नाही. काहींचा फोटोच नाही, कारण त्या वेळी घरच्यांनी काढू दिला नव्हता. हा वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला होता आणि २००६ मध्ये न्यायालयाने मतदार यादीत गोषातल्या बायकांचा फोटो घेण्याविरुद्धची मागणी मान्य केली नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ओळखपत्रावर चेहरा असलाच पाहिजे असंच म्हटलं. तेव्हा फोटो टाळता येणार नाही, चांगला काढून घ्यावा. नमुना ८ भरून ओळखपत्र बदलून घेता येतं. ४.५ × ३.५ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, समोरून पूर्ण चेहरा. डोक्यावर ओढणी चालते. तिची कड केसांच्या रेषेवर ठेवावी, कपाळावर ओढली की सावली पडते. गालांवरून घट्ट ओढली की चेहऱ्याची कड जाते. काळ्याऐवजी फिकट रंगाची ओढणी घेतली तर छापील फोटोत चेहरा उठून दिसतो. फोटो स्टुडिओत बाई हवी असेल तर आधी विचारून जावं. पारपत्रालाही हाच हिशेब: हनुवटीच्या टोकापासून कपाळाच्या वरपर्यंत आणि दोन्ही कडा दिसल्या पाहिजेत, धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं चालतं. तिथे फोटो सेवा केंद्राच्या पहिल्या काउंटरवरच काढतात, तेव्हा आडोसा किंवा महिला कर्मचारी हवी असेल तर टोकन घेतानाच सांगावं. काउंटरवर बसल्यावर सांगितलं तर नंबर मागे जातो.

आधारला काम जास्त आहे: फोटो, दहा बोटं, दोन्ही बुबुळं. नकाब तर काढावा लागतोच, डोळ्यांवरची जाळीही. रंगीत लेन्स असतील तर त्या काढून जावं. इथे मेंदी मात्र आडवी येते. बोटांच्या टोकांवर ताजी गडद मेंदी असली की स्कॅनर ठसे नाकारतो, म्हणून ईद किंवा लग्न झाल्यावर दोनेक आठवडे थांबलेलं बरं. मालेगाव-भिवंडीत घरी कांड्या भरणाऱ्या बायकांची बोटं झिजलेली असतात. ठसे येत नसले तरी ऑपरेटरने "नाही होत" म्हणून उठवायचं नसतं. बुबुळं घेऊन, ठशांचा अपवाद नोंदवून पुढे जाता येतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून मोबाइल, पत्ता असल्या दुरुस्तीला ७५ रुपये आणि फोटो-ठसे नव्याने द्यायला १२५ रुपये. पावती मागावी. मोबाइल क्रमांक स्वतःचा जोडावा, नवऱ्याचा किंवा दीराचा नको. ओटीपी ज्याच्या हातात, सगळ्या योजना त्याच्या हातात.

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी एकच ओळ: पारंपरिक पेहराव असेल तर शेवटच्या वेळेच्या तासभर आधी, म्हणजे दीडला फाटक बंद होत असेल तर साडेबाराला पोचायचं, तपासणी महिला कर्मचारी बंद आडोशात करते. साडेबाराची वेळ प्रवेशपत्राबरोबरच्या सूचनांत असते आणि ती कुणी वाचत नाही.

रेशनच्या ई-केवायसीत मात्र पडदानशीन बायकांची खरी सोय झाली आहे. दुकानात अंगठा लावायला जायलाच हवं असं नाही; घरी फोनवर 'मेरा ई-केवायसी' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप घ्यायची, राज्य निवडायचं, आधार क्रमांक, ओटीपी, मग चेहरा. अडतं ते ठरलेल्या ठिकाणी. पहिलं, आधारला मोबाइल जोडलेला नसतो. दुसरं, पाठीमागे खिडकी असते. उजेड समोरून हवा. तिसरं, चष्मा. चौथं, पापण्या मिटून उघडायच्या असतात आणि फोन धरणारी नणंद म्हणते, "भाभी, हिलो मत." भाभी पापणीही हलवत नाही आणि फोनवरचं वर्तुळ लाल ते लालच राहतं.